पावसाळी रात्रीची सायकल आणि डोळ्यांवर येणारे हेडलाइट: काय उपाय करता?

रातकिडा
जुलैमध्ये ३०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचा विचार आहे. वेळ २० तासांची, म्हणजे सकाळी सहाला सुटलं तर रात्री दोनपर्यंत. सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटचे सहा-सात तास अंधारात आणि बहुतेक पावसातच जाणार. दुभाजक असलेल्या हायवेवर निभावून जातं. खरी अडचण दुपदरी रस्त्यांची. समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) लावलेली गाडी आली की चष्म्यावरच्या प्रत्येक थेंबात एकेक दिवा पेटतो आणि रस्ता गायब.

सध्या ४०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), टॉर्चसारखा गोल झोताचा दिवा आहे. १००० किंवा १२०० ल्युमेनचा घेतला तर फरक पडेल का? आणि रात्रीसाठी पिवळ्या काचांचे चष्मे मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

पंक्चरवाला
१२०० चा घेतलात तर समोरचा ट्रकवाला तुम्हाला डिपर मारेल :D
जाणकार येतीलच. वाचतोय.

दिवाकर
नुसते ल्युमेन वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. का, ते आधी सांगतो, म्हणजे पैसे वाचतील.

कोरडं डांबर खरबरीत असतं. दिव्याचा उजेड त्यावर पडून सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे परत येतो आणि म्हणून रस्ता दिसतो. पाऊस पडला की खडीच्या फटी पाण्याने भरतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग आपला उजेड पुढच्या पुढे निसटून जातो. समोरच्या गाडीचा उजेड मात्र त्याच पाण्यावरून घसरून थेट आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे आपला दिवा निकामी आणि त्याचा दुप्पट, असा तो दुहेरी मार आहे. तुम्ही ४०० चे १२०० केलेत तरी बहुतेक उजेड पुढेच जाणार. वर पावसाचे थेंब जास्त उजळून डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा राहील.

फरक पडतो तो झोताच्या आकाराने. गोल झोताचा जवळजवळ निम्मा उजेड आडव्या रेषेच्या वर, म्हणजे थेंबांवर, झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांवर वाया जातो. वरून सरळ रेषेत कापलेला झोत घ्या. जर्मनीच्या वाहन नियमांत सायकलींना असाच दिवा सक्तीचा आहे, त्यामुळे तिथल्या प्रमाणपत्राचे दिवे डोळे झाकून घ्यावेत. त्यांच्या खोक्यावर ल्युमेनऐवजी लक्स लिहिलेले असतात, कारण दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्यापेक्षा रस्त्यावर किती पडतो हे महत्त्वाचं. असा ६० ते ८० लक्सचा दिवा ओल्या रस्त्यावर १००० ल्युमेनच्या गोल झोतापेक्षा सरस ठरतो.

सव्वीस इंची
दिवाकर यांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच, की दिवा कुठे बसवता हेही तितकंच महत्त्वाचं. हेल्मेटवरचा दिवा पावसात बंद ठेवा. तो डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने थेंबांवरून परतणारा उजेड सरळ डोळ्यांत येतो, आणि खड्ड्याची सावलीही दिसत नाही, कारण नजर आणि झोत एकाच रेषेत असतात. दिवा हँडलच्या खाली, शक्य असेल तर पुढच्या ब्रेकच्या बोल्टवर किंवा फोर्कच्या माथ्यावर घ्या. जितका खाली, तितक्या खड्ड्याच्या सावल्या लांब. फार खाली, म्हणजे एक्सलपाशी नेलात तर उलट त्रास: बारीकशी खडीसुद्धा दगडाएवढी दिसते आणि चाकाने उडणारा चिखल काचेवर बसतो.

हँडलबॅग असेल तर दिवा बॅगेच्या पुढे यायला हवा, नाहीतर बॅगेचा माथाच उजळून निघतो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आडवळण
दिव्याचा कोन कसा लावायचा ते कुणीतरी नीट लिहा. बरेच जण रस्त्यात थांबून अंदाजाने वर-खाली करतात.

दिवाकर
@आडवळण, भिंत आणि खडू एवढंच लागतं.

सायकल भिंतीपासून ५ मीटरवर, सपाट जागी उभी करा. टायरमध्ये नेहमीची हवा असू दे, बॅगा लावलेल्या असू देत, आणि कुणालातरी सीटवर बसवा, कारण वजनाने कोन बदलतो. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. कापलेल्या झोताची वरची कड त्या खुणेच्या ५ सेंमी खाली आली पाहिजे. ५ मीटरला ५ सेंमी म्हणजे १ टक्का उतार. दिवा ९० सेंमीवर असेल तर झोताची कड ९० मीटरवर रस्त्याला टेकते. पावसात हीच कड १० सेंमी खाली घ्या, म्हणजे ४५ मीटर. भिंतीवर दोन्ही खुणा करून दिव्याच्या पकडीवर पांढऱ्या रंगाने दोन रेघा ओढून ठेवा. पाऊस लागला की अंधारातही अंगठ्याने दुसऱ्या रेघेवर नेता येतं.

गोल झोताच्या दिव्याला अशी कड नसते. त्याच्या सर्वांत उजळ ठिपक्याचा मध्य ५ मीटरवर दिव्याच्या निम्म्या उंचीवर आणा.

गिअरबॉक्स
४५ मीटर कमी वाटत असतील त्यांच्यासाठी हिशेब. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेकने (चाकाची कडा दाबणाऱ्या ब्रेकने) साधारण २.५ मी/से² इतकी गती कमी होते असं धरू. लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद.

ताशी २० ला: ८ मीटर प्रतिक्रियेत आणि ६ मीटर ब्रेकिंगमध्ये, एकूण १४-१५ मीटर.
ताशी २५ ला: २० मीटर.
ताशी ४० ला (घाट उतरताना): ४१ मीटर.

म्हणजे सपाटीवर ४५ मीटर भरपूर झाले. उतारावर मात्र काठावरच आहेत, म्हणून पावसाळी रात्री उतारावर ताशी ३० च्या वर जाऊ नये. आता यात हेडलाइटचा हिशेब मिळवा. दिपलेला डोळा सावरायला तीन सेकंद लागतात असं धरलं तर ताशी २५ ने तुम्ही २१ मीटर आंधळेपणाने जाता. त्याच ठिकाणी वेग १५ वर आणला तर साडेबारा मीटर. गाडी शेजारून जाण्याआधी वेग कमी करायचा असतो, नंतर नाही.

रिम ब्रेकवाल्यांसाठी: चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांचं दाबणं फक्त रिमवरचं पाणी पुसण्यात जातं. दर काही मिनिटांनी ब्रेक हलके टेकवत राहा. घाट उतरून आल्यावर पॅडमध्ये अडकलेले वाळूचे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा, नाहीतर रिम घासून पातळ होते.

कोकणकडा
डोळ्यांबद्दल कुणी बोलतच नाही. जुनी युक्ती: समोरून गाडी आली की एक डोळा मिटायचा. तो अंधाराला सरावलेला राहतो, गाडी गेली की तोच वापरायचा. वैमानिक आणि खलाशी पूर्वीपासून हे करत आलेत.

नेत्रांजन
@कोकणकडा, युक्ती खरी आहे, पण दुपदरी रस्त्यावर सायकल चालवताना जपून.

डोळा अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. वाहतुकीच्या रस्त्यावर तेवढा सलग अंधार मिळतच नाही, त्यामुळे आपला डोळा कायम अर्धवट सरावलेलाच असतो. मिटलेल्या डोळ्यात वाचवायला फार काही नसतं. शिवाय उजवा डोळा मिटलात तर उजवीकडचा परिघ जातो, आणि ओव्हरटेक करणारी गाडी तिकडूनच येते. रस्ता सरळ असेल, पुढचे वीस-पंचवीस मीटर आधी पाहून झाले असतील आणि एकटीच गाडी येत असेल, तर शेवटचे दोन सेकंद डोळा मिटायला हरकत नाही. गाड्यांची रांग असेल तर त्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा नजर कुठे ठेवायची ते महत्त्वाचं. दिव्याकडे बघायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण माणसाची नजर आपोआप उजेडाकडे ओढली जाते. म्हणून नजरेला दुसरं काम द्यावं लागतं. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी पकडा, स्वतःपासून १०-१५ मीटरवर. ती पुसली असेल तर डांबर आणि साइडपट्टी यांची सीमा. नजर तिथे खिळली की दिवा डोळ्याच्या कडेला जातो आणि डोळ्यात विखुरणाऱ्या उजेडाचा त्रास खूप कमी होतो.

पिवळ्या चष्म्याबद्दल: घेऊ नका. पिवळी काच उजेड गाळते, म्हणजे हेडलाइटचाही कमी आणि रस्त्याचाही कमी. डोळ्याला बरं वाटतं, दिसत काही जास्त नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासात या चष्म्यांनी रस्त्यावरचा माणूस लवकर दिसायला काही मदत केली नाही. रात्री पूर्ण पारदर्शक, चरे नसलेली काच हवी. नंबर असेल तर प्रतिबिंबरोधक लेप घ्या आणि सिलिंडर नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा) कितीही लहान असला तरी घालून घ्या. तो दुरुस्त केला नाही की दिव्यांच्या लांब रेघा दिसतात. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगात उजेड जास्त विखुरायला लागतो. दिव्यांभोवती वलयं अलीकडे वाढली असतील तर सायकलीवर खर्च करण्याआधी डोळे तपासून घ्या.

लाल माती
पिवळा उजेड पावसातून जास्त आरपार जातो ना? म्हणून तर फॉगलॅम्प पिवळे असतात.

दिवाकर
@लाल माती, हा समज फार पसरलेला आहे. रंगानुसार उजेड कमी-जास्त विखुरतो ते हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांवर. धुक्याचा किंवा पावसाचा थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्याला निळं-पिवळं सारखंच. फॉगलॅम्पचा फायदा तो खाली बसवलेला आणि वरून कापलेला असतो म्हणून. तरी दिवा घेताना थंड निळसर पांढऱ्याऐवजी कोमट पांढरा घ्यावा असं माझं मत आहे. ओल्या डांबरावर तो डोळ्याला कमी शिणवतो. पण त्याने जास्त दिसतं असा दावा करणार नाही.

चकमक
चष्म्यावरच्या थेंबांवर सगळ्यात स्वस्त उपाय: हेल्मेटखाली कापडी टोपी, छोट्या कडक झापेची. झाप बाहेर डोकावली की थेंब काचेवर येतच नाहीत. दुसरा फायदा त्याहून मोठा. समोरून अप्पर आला की हनुवटी किंचित खाली घ्यायची, झाप बरोबर हेडलाइटवर येते आणि खालचा रस्ता दिसत राहतो. क्रिकेटची टोपी नको, तिची झाप मोठी असते आणि वाकून चालवताना समोरचंच दिसेनासं होतं.

आतून धुकं धरू नये म्हणून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला बोटाने पसरायचा आणि न धुता मऊ सुती कापडाने पारदर्शक होईपर्यंत पुसायचा. काही तास टिकतो. बाहेरच्या बाजूला गाडीच्या काचेचं पाणी झटकणारं रसायन लावू नका, त्यातल्या द्रावकांनी प्लास्टिकच्या काचेचा लेप खराब होऊ शकतो.

पुसायला सुती रुमाल झिपच्या पिशवीत, पाठीच्या खिशात. ओल्या हातमोज्याने काच पुसली की चिखलाचा पातळ थर पसरतो, आणि त्यावर हेडलाइट पडला की काही म्हणजे काही दिसत नाही. आधी बाटलीतलं पाणी काचेवर ओता, मग पुसा. नाहीतर वाळूचे चरे कायमचे.

पंक्चरवाला
साबणाचा थेंब डोळ्यात गेला तर मग हेडलाइटची गरजच नाही, सगळंच लाल दिसेल. पुसताना पूर्ण पुसा मंडळी!

आडवळण
एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. समोरची गाडी शत्रू आहे तशीच कामाचीही आहे. ती शंभर-दोनशे मीटरवर असताना तिच्या उजेडात मधला रस्ता मागून उजळतो: पाण्याने भरलेले खड्डे चकाकतात, बसलेली गुरं आणि पडलेले दगड काळे उमटतात. तेव्हाच नकाशा डोक्यात उतरवून घ्यायचा आणि आपली रेघ ठरवायची. गाडी जवळ आल्यावर तीच रेघ धरून, वेग कमी करून जायचं. ऐनवेळी डावीकडे ओढू नका. सिमेंटच्या नव्या रस्त्यांवर कड आणि साइडपट्टी यांत मोठी पायरी असते, आणि त्या पायरीवरून तिरकं चाक उतरलं की पडणं ठरलेलं. इतकं दिपलं की काहीच कळेना, तर पाय टेकून थांबा, त्यात वेळ फारसा जात नाही.

मागून येणाऱ्या गाडीचाही असाच उपयोग. तिच्या उजेडात आपली सावली पुढे पडते. ती सावली उजवीकडून डावीकडे सरकायला लागली की गाडी ओव्हरटेक करतेय. सावली जागची हलत नसेल तर गाडी सरळ आपल्या मागेच आहे.

पावसाळ्यातली खास गोष्ट: बंद पडलेल्या ट्रकभोवती दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात. ट्रक जातो, दगड तिथेच राहतात. ते ओले, काळे, आणि नेमके आपण चालवतो त्या डाव्या पट्टीत. एखादी फांदी दिसली की पुढच्या पन्नास मीटरमध्ये दगड आहेत असं समजूनच चाला.

लाल माती
कोकणात उतरणाऱ्यांसाठी: ताम्हिणी, आंबोलीसारख्या घाटांत झाडाखालच्या वळणांवर डाव्या कडेला शेवाळ असतं आणि मोऱ्यांपाशी लाल मातीचा पातळ गाळ वाहून आलेला असतो. दोन्ही रात्री काळेच दिसतात. वळणावर कडेपासून मीटरभर आत राहा. पांढरे-पिवळे पट्टे, लोखंडी जाळ्या, पुलाचे सांधे, रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा आणि त्या क्षणी ब्रेक किंवा पेडल मारू नका.

हवा १० टक्के कमी ठेवली तर पकड सुधारते. २८ मिमी रुंदीच्या टायरला ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल तर ७२ करा.

गिअरबॉक्स
हवेबद्दल सहमत, पण 'सायकल पाण्यावर तरंगते' म्हणून नव्हे. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो (पीएसआयच्या वर्गमुळाची ९ पट, नॉटमध्ये). ८० पीएसआयला तो ताशी दीडशे किमीच्या आसपास येतो. सायकल घसरते ती तेलावर, रंगावर आणि गाळावर. म्हणून नक्षीदार टायरवर वेगळे पैसे घालू नका, मऊ रबराचा आणि थोडा रुंद टायर घ्या.

कोकणकडा
समोरच्याला डिपर द्यायला लावायचा काही मार्ग?

सव्वीस इंची
दिव्यावर तळहात धरायचा आणि काढायचा, दोनदा. ड्रायव्हरला ते डिपरसारखंच दिसतं. बरेचजण लगेच खाली घेतात, कारण मुळात समोर वाहन आहे हेच त्यांना कळलेलं नसतं. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका. पावसात प्रत्येक लुकलुकीला थेंब उजळतात आणि तुम्हालाच भोवळ येते, शिवाय समोरच्याला तुमचं अंतर आणि वेग कळत नाही.

काही गाड्यांचा डिपरही (खालचा झोतही) डोळ्यांवर येतो, त्याला ड्रायव्हर काही करू शकत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेडाचा बिंदू तारेच्या मूळ जागेवरून हलतो आणि झोताची कडच मोडते. मागे माल लादलेल्या पिकअपचं नाक वर होतं, तिचा डिपर अप्परसारखाच लागतो. अशा वेळी टोपीची झाप आणि डावी पट्टी, दुसरा इलाज नाही.

चकमक
मागच्या बाजूचंही बोलू. रेनकोट किंवा पोंचो सीटच्या मागे लोंबतो आणि मागचा दिवा पूर्ण झाकतो, चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. निघण्याआधी रेनकोट घालून सायकलीवर बसा आणि कुणाला तरी दहा पावलं मागे जाऊन बघायला सांगा. एक दिवा सीटखाली, दुसरा मडगार्डच्या वर किंवा कॅरिअरला. एक स्थिर, एक मंद लुकलुकता. मडगार्ड नसेल तर चाकाचा चिखल अर्ध्या तासात दिव्याची काच माखतो, थांब्यावर थांबलात की बोटाने पुसा.

ब्रेव्हेला रिफ्लेक्टिव्ह जाकीट लागतंच, पण उघड्या काचमण्यांची चंदेरी पट्टी भिजली की मंदावते. प्रिझमची, वरून बंद असलेली पट्टी ओली झाली तरी चमकते, ट्रकच्या मागे लावतात तशी. तिचे तुकडे मडगार्डला आणि क्रँकला (पेडलच्या दांड्याला) लावा. घोट्याला परावर्तक पट्टा बांधा. वर-खाली हलणारा पाय दिसला की ड्रायव्हरला माणूस आहे हे लगेच कळतं. फ्लोरोसंट पिवळा रंग दिवसासाठी, रात्री त्याचा वेगळा फायदा नाही.

रातकिडा
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे १२०० चा बेत रद्द. एकच शंका: कापलेल्या झोताचा दिवा घेतला तर तो रात्रभर पुरेल का? की डायनॅमोच घ्यावा?

दिवाकर
तुमच्या सहा-सात तासांसाठी बॅटरी पुरे. १८६५० चा (दिव्यांत असतो तो लिथियमचा) एक सेल ३.६ व्होल्ट, ३.४ अँपिअर-तास धरला तर साधारण १२ वॅट-तास. ल्युमेनचा ढोबळ हिशेब दर वॅटला १००. म्हणजे २०० ल्युमेनवर सहा तास, ४०० वर तीन. नवा सेल असेल तेव्हाचं हे, दोन वर्षं वापरलेल्याचं चौथा हिस्सा वजा करा. चढावर वेग ताशी ८-१० असतो, तिथे १०० ल्युमेन पुरतात, सपाटीवर २००, फक्त उतारावर पूर्ण. हे बदलणं बोटांच्या सवयीचं व्हायला हवं, म्हणून ओला हातमोजा घालून दाबता येईल असं बटण आहे का ते दुकानातच बघा.

४०० किंवा ६०० च्या ब्रेव्हे करणार असाल तर हब डायनॅमोचा (पुढच्या चाकाच्या मध्यात बसून चाक फिरताना वीज देणाऱ्या डायनॅमोचा) विचार करा. ६ व्होल्ट, ३ वॅट, पाऊस कितीही असो चालत राहतो. पण पुढचं चाक नव्याने बांधावं लागतं आणि चढावर अगदी हळू गेलात तर उजेड थरथरतो.

सव्वीस इंची
पावसात चालू दिव्याला पॉवरबँक जोडू नका. दिव्यावर लिहिलेला पाणीरोधकतेचा दर्जा बघा: आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, आणि दोन्ही आकडे चार्जिंगच्या भोकावरचं रबर बंद असेल तेव्हाचेच. ते रबर उघडून वायर घातली की पाणी आत जातं आणि पिना हिरव्या पडतात. चार्ज करायचंच असेल तर चहाच्या टपरीत, छपराखाली, आधी भोक कोरडं करून. त्यापेक्षा १०० ग्रॅमचा छोटा दुसरा दिवा सोबत ठेवा आणि त्याचा क्लॅम्प आधीच हँडलवर बसवून ठेवा. अंधारात, भिजलेल्या बोटांनी क्लॅम्पचा स्क्रू फिरवत बसावं लागू नये.

आडवळण
आणि शनिवारी-रविवारी एखाद्या ओळखीच्या रस्त्यावर, पाऊस असताना, दोन तास रात्रीचं चालवून बघा. टोपी, कोन, रेनकोट, बटणं, सगळ्यांतल्या चुका तिथेच कळतात. सोबत कुणी असेल तर त्याच्या मागच्या चाकापासून निदान पाच मीटर लांब आणि थोडं उजवीकडे राहा. चाकाचं पाणी तोंडावर येत नाही, आणि तुमच्या दिव्यामुळे त्याच्याच पुढे त्याची सावली पडत नाही. मागचे दिवे दोघांनी मंद ठेवा, पुढच्याचा तेज लाल दिवाही तासभर बघितला की डोळे हेडलाइटइतकेच शिणतात.